एनर्जी ऑडिटर परीक्षेचा चौथा पेपर: कोणती पुस्तकं न्यायची, कोणती घरी ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा महिना-दीड महिन्यावर आली की माझा फोन वाजायला लागतो. कधी साखर कारखान्याच्या को-जन (सहवीजनिर्मिती) विभागातला कुणी असतो, कधी इचलकरंजीच्या कापड प्रोसेस हाउसमधला युटिलिटी इंजिनिअर, कधी तारापूर किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतला मेंटेनन्सवाला. पहिल्या तीन पेपरांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. प्रश्न येतात ते चौथ्याबद्दल, कारण त्यात पुस्तकं उघडायची मुभा आहे आणि ‘मग न्यायचं काय?’ याचं नीट उत्तर कुणी दिलेलं नसतं. मी ही परीक्षा दिली आहे, नंतरच्या बऱ्याच जणांची तयारी जवळून पाहिली आहे. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच ठेवतो आहे.

हा चौथा पेपर नेमका काय आहे?

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १ मार्च २००२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे आपण ज्याला बीईई म्हणतो ती संस्था, काम करू लागली. तिच्या राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेत एनर्जी मॅनेजरसाठी तीन पेपर असतात आणि एनर्जी ऑडिटरसाठी चार. पहिले तीन प्रत्येकी १५० गुणांचे, तीन-तीन तासांचे. चौथा १०० गुणांचा, दोन तासांचा आणि ओपन बुक. त्यात यंत्रांची आणि युटिलिटींची कार्यक्षमता गणितानं काढायची असते: बॉयलर, फर्नेस, टर्बाइन, हीट एक्स्चेंजर, मोटार, पंखा, पंप, कॉम्प्रेसर, वातानुकूलन. प्रत्येक पेपरात निम्मे गुण मिळाले तरच पास.

गेल्या अनेक परीक्षांत या पेपरची मांडणी अशी राहिली आहे: एक-एक गुणाचे दहा छोटे प्रश्न, पाच-पाच गुणांची दोन गणितं आणि वीस-वीस गुणांची चार मोठी गणितं. १०० पैकी ८० गुण चार गणितांवर, ही गोष्ट पुस्तकं निवडण्याआधी नीट मनात ठसवा. ज्या परीक्षेला बसणार आहात तिची अधिसूचना आणि हॉल तिकिटावरच्या सूचना मात्र स्वतः वाचा. परीक्षागृहात काय चालेल आणि काय नाही, यात त्या कागदावर छापलेलं असेल तेच चालतं.

पुस्तक समोर असताना अवघड ते काय?

वेळ. १२० मिनिटांत १०० गुण म्हणजे वीस गुणांच्या एका गणिताला २४ मिनिटं. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, दिलेली माहिती मांडायची, आकडेमोड करायची आणि एककासह उत्तर लिहायचं. त्यात तीनदा पुस्तक उघडलं आणि दरवेळी दोन मिनिटं शोधण्यात गेली, तर सहा मिनिटं गेली. एका गणिताचा पाव वेळ तो.

आणि पुस्तकात सूत्र सापडतं, गणित सापडत नाही. फ्लू गॅसमधला ऑक्सिजन दिला आहे, त्यावरून जादा हवा काढायची, तिच्यावरून प्रत्यक्ष हवा, तिच्यावरून कोरड्या धूरवायूबरोबर जाणारी उष्णता. ही साखळी डोक्यात नसेल तर कोणतं पान उघडायचं हेच कळत नाही. साखळी डोक्यात असेल तर पुस्तक लागतं फक्त इंधनाला लागणाऱ्या सैद्धांतिक हवेच्या सूत्रातले ११.६, ३४.८ आणि ४.३५ हे तीन सहगुणक पाहायला.

एकूण किती पुस्तकं न्यावीत?

पाच वस्तू. बीईईचं चौथं गाइडबुक, दुसरं आणि तिसरं गाइडबुक, एक स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली एक वही. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवलेली फाइल असेल तर ती सहावी.

मी लोकांना चाकांची बॅग घेऊन येताना पाहिलं आहे. थर्मोडायनॅमिक्सची जाडजूड पुस्तकं, पंपांचं हँडबुक, इलेक्ट्रिकल मशिन्सचा ग्रंथ, क्लासच्या नोट्सचे तीन गठ्ठे. परीक्षागृहातलं बाक लहान असतं. उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि कॅल्क्युलेटर ठेवल्यावर एक पुस्तक उघडं राहू शकतं, दोन कशीबशी. बाकीची पायाशी. वाकून उचलायचं, पान शोधायचं, परत ठेवायचं, यात माणूस विस्कळीत होतो.

माझी कसोटी साधी आहे. गेल्या दोन महिन्यांत गणित सोडवताना जे पुस्तक तुम्ही तीनदाही उघडलं नाही, ते परीक्षेला न्यायचं नाही. ‘लागलंच तर असावं’ म्हणून घेतलेलं पुस्तक परीक्षेच्या दिवशी तुम्हाला अनोळखीच असतं. त्यात कुठे काय आहे ते शोधण्याची ती वेळ नव्हे.

चारही गाइडबुकं न्यायची की फक्त चौथं?

चौथं तर हवंच, पेपरचा अभ्यासक्रम तोच. दुसरं औष्णिक युटिलिटींचं आणि तिसरं विद्युत युटिलिटींचं. चौथ्या पुस्तकात चाचणी कशी घ्यायची आणि कार्यक्षमता कशी काढायची ते आहे. ते यंत्र असं का वागतं, हे दुसऱ्या-तिसऱ्यात आहे. एक गुणाच्या दहा प्रश्नांत हा ‘का’ बऱ्याचदा येतो, म्हणून ती दोन्ही न्यावीत. पहिलं गाइडबुक मी नेलं नव्हतं आणि त्याची उणीवही भासली नाही. त्यातून लागण्यासारखा भाग म्हणजे आर्थिक विश्लेषण आणि पदार्थ-ऊर्जा ताळेबंद. निव्वळ वर्तमान मूल्याचं सूत्र आणि एक सोडवलेलं उदाहरण वहीत उतरवून घेतलं की पुरे.

प्रत एकाच आवृत्तीची असू द्या. जुन्या आवृत्तीवर अभ्यास करायचा आणि परीक्षेला नवी कोरी न्यायची, असं करू नका. डोळ्यांना पानाची जागा लक्षात राहते: डाव्या पानावर, खाली, आकृतीच्या शेजारी. नव्या आवृत्तीत ती जागा बदललेली असते.

स्टीम टेबल कोणतं घ्यावं?

इथे जरा थांबून सांगतो, कारण सर्वांत जास्त गुण मी इथे वाया गेलेले पाहिले आहेत.

आपल्याकडे दोन भाषा एकाच वेळी चालतात. बॉयलर हाउसमध्ये कोळशाचं उष्मांकमूल्य किलोकॅलरीत बोलतात, दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. टर्बाइनच्या कागदांवर एन्थाल्पी (एक किलो वाफेतली किंवा पाण्यातली उष्णता) किलोज्यूलमध्ये, दाब बारमध्ये. प्रश्नपत्रिकाही या दोन्हींत फिरते. तुमचं स्टीम टेबल एका पद्धतीत असेल आणि वही दुसऱ्या, तर घोटाळा ठरलेला.

पहिल्यांदा सराव पेपर सोडवायला बसलो तेव्हा माझ्याजवळ दोन स्टीम टेबलं होती. ताशी ५ टन वाफ, गेज दाब १० बार, फीड वॉटर ८४ अंश, कोळसा ताशी ९५० किलो, उष्मांकमूल्य ४,००० किलोकॅलरी. वाफेची एन्थाल्पी मी किलोज्यूलच्या टेबलातून उचलली, २,७८१. फीड वॉटरची मात्र किलोकॅलरीत धरली, ८४. कार्यक्षमता आली ३५५ टक्के. चूक दिसत होती, पण कुठे झाली ते शोधण्यात आठ-नऊ मिनिटं गेली. खरं गणित असं आहे: २,७८१ ला ४.१८७ नं भागलं की ६६४ किलोकॅलरी. त्यातून ८४ वजा केले की ५८०. गुणिले ५,००० म्हणजे २९ लाख. कोळशाची उष्णता ३८ लाख. कार्यक्षमता ७६.३ टक्के.

तेव्हापासून सांगतो, स्टीम टेबल एकच न्या. किलोज्यूल-बारचं पातळ पुस्तक घ्या आणि मुखपृष्ठाच्या आत मोठ्या अक्षरांत लिहा: १ किलोकॅलरी = ४.१८७ किलोज्यूल. त्याखाली लिहा: टेबलातला दाब निरपेक्ष आहे, गेज दाबात वातावरणाचा दाब मिळवा.

ही दुसरी ओळ लोक हलक्यात घेतात, कारण उच्च दाबाला चूक लपते. १० बार निरपेक्ष दाबाला संपृक्त वाफेचं तापमान १७९.९ अंश, ११ बारला १८४.१. फरक चार अंशांचा, एन्थाल्पीत तर नगण्य. म्हणून बॉयलरचं गणित चुकूनही बरोबर येतं आणि सवय तशीच राहते. मग एखाद्या ड्रायरला ०.५ बार गेज दाबाची वाफ दिलेली असते. ०.५ बार निरपेक्ष पाहिलं तर ८१.३ अंश, दीड बार पाहिलं तर १११.४. तीस अंशांचा फरक. हीट एक्स्चेंजरचं गणित असेल तर सगळंच कोसळतं.

स्वतःची वही कशाला? सगळं पुस्तकात आहेच की.

पुस्तकात सगळं आहे, पण तुमच्या क्रमानं नाही. वही हे सहापैकी सर्वांत मोलाचं साधन आहे, आणि ते बाजारात मिळत नाही. शंभर पानी, शिवलेली. सुटे कागद नकोत, पंख्याच्या वाऱ्यानं उडतात आणि पर्यवेक्षकाला संशय येतो तो वेगळाच.

पहिल्या पानावर एककं. १ किलोवॉट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी. १ टन रेफ्रिजरेशन म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी, म्हणजेच ३.५१७ किलोवॉट. १ मिलिमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे ९.८१ पास्कल. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १० मीटर पाणी. हे पान परीक्षेत वीसदा उघडाल.

दुसऱ्या पानावर अनुक्रमणिका. ती तुमच्या भाषेत असली तरी चालेल, पण शीर्षकं मात्र प्रश्नपत्रिकेत येणाऱ्या शब्दांतच लिहा. ‘कॉम्प्रेसरची हवा मोजणे’ असं लिहिलंत आणि प्रश्नात ‘फ्री एअर डिलिव्हरी’ आलं, तर घाईत जोड लागत नाही. प्रत्येक नोंदीपुढे गाइडबुकचा क्रमांक आणि पान. दोनशे नोंदी झाल्या तरी हरकत नाही.

मग एकेका यंत्राला दोन पानं. डाव्या पानावर सूत्र, त्यातल्या प्रत्येक अक्षराचं एकक. उजव्या पानावर तुम्ही स्वतः केलेल्या चुका. ही उजवी पानं इतर कुणाच्या नोट्समध्ये तुम्हाला मिळणार नाहीत. माझ्या वहीतल्या काही सांगतो.

पंप: प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात घ्यायचा, ताशी नाही. ताशी ३६० घनमीटर आणि ४० मीटर हेड असेल तर ०.१ गुणिले ४० गुणिले ९.८१, म्हणजे ३९.२ किलोवॉट पाण्याला मिळाले.

पंखा: दाब मिलिमीटर पाण्याच्या स्तंभात असेल तर भागिले १०२, पास्कलमध्ये असेल तर भागिले १,०००. आणि हवेची घनता १.२९३ ही शून्य अंशाची आहे. ४० अंशाला ती १.१२८ होते.

कॉम्प्रेसर: समतापी शक्तीच्या सूत्रातला ३६.७ हा भाजक तेव्हाच चालतो, जेव्हा दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आणि प्रवाह ताशी घनमीटरमध्ये असतो. आणि तो दाब निरपेक्ष.

मोटार: नावपट्टीवरचे किलोवॉट शाफ्टवर मिळणारे असतात, मीटरवर दिसणारे नाहीत. ३७ किलोवॉटची, ९२ टक्के कार्यक्षमतेची मोटार पूर्ण भाराला ४०.२ किलोवॉट ओढते. मीटर ३७ दाखवतोय म्हणजे मोटार पूर्ण भारावर आहे, असं प्रत्यक्ष ऑडिटमध्येही लोक लिहून देतात.

बॉयलर, अप्रत्यक्ष पद्धत (एकेक तोटा मोजून कार्यक्षमता काढायची): इथे मी सूत्रासोबत एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण ठेवलं होतं, आणि ते बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं होतं, कारण आमच्या भागात बॉयलर म्हटलं की बगॅस. समजा ओलावा ५० टक्के, हायड्रोजन ३.२ टक्के, उष्मांकमूल्य २,२७० किलोकॅलरी, धुराचं तापमान १६०, हवेचं ३०. एक किलो पाणी धुरावाटे बाहेर जाताना ५८४ अधिक ०.४५ गुणिले १३० (धूर आणि हवेच्या तापमानातला फरक), म्हणजे ६४२.५ किलोकॅलरी घेऊन जातं. बगॅसच्या ओलाव्यात अर्धा किलो पाणी आहे, म्हणून ३२१ किलोकॅलरी, म्हणजे १४.२ टक्के. हायड्रोजन जळून होणारं पाणी ९ गुणिले ०.०३२, त्याचे १८५ किलोकॅलरी, म्हणजे ८.२ टक्के. नुसत्या पाण्यापायी २२ टक्क्यांवर उष्णता गेली, कोरड्या धुराचा हिशोब अजून केलेलाच नाही. धूर १६० वरून १४० वर आणला तर ६४२.५ चे ६३३.५ होतात, पाण्यापायी होणारा तोटा जवळजवळ तेवढाच राहतो. हे एकदा हातानं सोडवलं की बगॅस वाळवण्याची चर्चा का होते ते कळतं, आणि परीक्षेत कोळशाच्या जागी कोणतंही इंधन आलं तरी हात थांबत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका न्याव्यात का?

हो, पण वर्षवार नाही, विषयवार. नमुना उत्तरांसह जुने पेपर उपलब्ध आहेत. ते सुटे करा, सगळी बॉयलरची गणितं एका ठिकाणी, सगळी हीट एक्स्चेंजरची एका ठिकाणी, आणि बांधून घ्या. गणित जसंच्या तसं पुन्हा येईल या आशेवर राहू नका. उपयोग वेगळा आहे. उत्तर कोणत्या क्रमानं मांडायचं, किती पायऱ्या दाखवायच्या, शेवटी काय विचारतात, हे त्यातून दिसतं. मोठ्या गणितात पायऱ्यांना गुण असतात. शेवटचा आकडा चुकला तरी वरचं सगळं बरोबर असेल तर सगळं जात नाही.

एक इशारा. नमुना उत्तर न पाहता आधी स्वतः सोडवा. पाहून ‘हं, कळलं’ म्हणून पुढे गेलेलं गणित परीक्षेत सुटत नाही, आणि फाइलमध्ये शोधूनही सापडत नाही.

खुणेच्या चिकटपट्ट्या किती लावाव्यात?

एका पुस्तकाला पंधरा-वीस. त्यापेक्षा जास्त लावल्या की कडेला झालर दिसते आणि काहीच सापडत नाही. वरच्या कडेला प्रकरणं, उजव्या कडेला तक्ते आणि आलेख, एवढी विभागणी पुरते. रंगांची मोठी योजना करू नका.

खूण परीक्षेच्या आदल्या रात्री बसून लावायची नसते. गणित सोडवताना एखादं पान दुसऱ्यांदा शोधावं लागलं, की तिथेच लावायची.

पीडीएफची प्रिंट काढली तर चालेल?

अभ्यासाला चालेल. नेणार असाल तर एका कागदावर दोन पानं असली काटकसर करू नका. घातांक आणि दशांशचिन्ह दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये आलेखांवरच्या रेषा एकमेकींत मिसळतात. स्पायरल बाइंडिंग करून घ्या, पुस्तक बाकावर सपाट उघडं राहतं.

आलेख लागतात का?

क्वचित. बहुतेक वेळा हवेची एन्थाल्पी किंवा हीट एक्स्चेंजरचा सुधारणा गुणक प्रश्नातच दिलेला असतो. तरी सायक्रोमेट्रिक चार्टची (हवेच्या तापमान-ओलाव्याच्या आलेखाची) एक स्वच्छ, मोठी प्रत आणि पारदर्शक पट्टी ठेवा. ओल्या आणि कोरड्या तापमानावरून एन्थाल्पी वाचायचा सराव पाच-सहा वेळा झालेला असावा. मोठा प्रश्न अडला तर ती पट्टी उपयोगी पडते.

मित्र गेल्या वर्षी पास झाला. त्याचीच खुणा केलेली पुस्तकं घेऊन गेलो तर?

पुस्तकं आनंदानं घ्या, पण खुणा काढून टाका. त्यानं खूण केली ती त्याच्या अडलेल्या जागी. तो सिमेंटमधला असेल, तुम्ही वातानुकूलनातले. क्लासच्या नोट्सचंही तेच. चांगल्या असतील तर त्यांवरून स्वतःची वही तयार करा, आणि मग नोट्स घरी ठेवा. उतरवून काढण्यात वेळ जातो अशी तक्रार ऐकतो. तो वेळ अभ्यासातच धरायचा, तो वेगळा नाही.

शेवटच्या मोठ्या प्रश्नात उद्योग निवडायचा असतो. तो कसा निवडावा?

चार मोठ्या गणितांपैकी शेवटच्यात पर्याय असतो: औष्णिक वीजकेंद्र, सिमेंट, कापड, पोलाद, व्यापारी इमारत अशा क्षेत्रांतले चार प्रश्न आणि त्यांपैकी एक सोडवायचा. दोन क्षेत्रं परीक्षेच्या दोन महिने आधी पक्की करा. एक मुख्य, एक राखीव. चारही क्षेत्रांची पुस्तकं गोळा करण्यात अर्थ नाही.

आपल्या कामाचं क्षेत्र घेणं बहुतेकांना सोपं जातं. चंद्रपूर, कोराडी, भुसावळकडचा माणूस वीजकेंद्राचं गणित जवळजवळ तोंडी करतो: टर्बाइनचा हीट रेट (एक किलोवॉट-तास विजेसाठी लागणारी उष्णता) २,००० किलोकॅलरी, बॉयलर ८६ टक्के, म्हणजे संपूर्ण संचाचा हीट रेट २,३२६. ८ टक्के वीज केंद्रातच खर्च झाली तर निव्वळ २,५२८. गडचांदूर पट्ट्यातल्यांना सिमेंटच्या किल्नचा (भट्टीचा) उष्णता ताळेबंद ओळखीचा.

साखर कारखान्यातले विचारतात, आमचं काय? माझं मत, वीजकेंद्र घ्या. बॉयलर आणि टर्बाइन तुम्ही रोज हाताळता, एन्थाल्पीचा फरक, वाफेचा दर, जनरेटरची कार्यक्षमता सगळं तेच. बॅक-प्रेशर टर्बाइनच्या जागी कंडेन्सिंग टर्बाइन येतो, म्हणून कंडेन्सरची निर्वात स्थिती आणि थंड पाण्याचा ताळेबंद एवढं नव्यानं करावं लागेल. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या प्रोसेसवाल्यांनी कापड घ्यावं. स्टेंटरमधलं (कापड सुकवण्याच्या यंत्रातलं) बाष्पीभवन आणि थर्मिक फ्लुइड हीटर त्यांच्या रोजच्या नजरेतले.

एक सावधगिरी. कामाच्या ठिकाणचे ठोकताळे गणितात घालू नका. ‘आमच्याकडे फीड वॉटर १०५ असतं’ हे खरं असेल, प्रश्नात ८५ दिलंय तर ८५.

कॅल्क्युलेटर कोणता?

साधा सायंटिफिक, प्रोग्रॅम न करता येणारा. जो रोज वापरता तोच. नवा घेऊन जाऊ नका. नैसर्गिक लॉगचं आणि दहाच्या लॉगचं बटण कोणतं, हे न पाहता हाताला कळलं पाहिजे. हीट एक्स्चेंजरच्या एका टोकाला तापमानातला फरक ६०, दुसऱ्या टोकाला ३०. लॉगरिदमिक सरासरी ४३.३ येते. दहाचं लॉग दाबलं तर ९९.७ येते. ही सरासरी नेहमी दोन फरकांच्या मध्येच पडते, म्हणून ९९.७ दिसताच थांबायचं. ही ओळ माझ्या वहीत लाल शाईनं होती.

मोबाइल किंवा टॅबलेटवर पुस्तक उघडता येईल?

नाही. ओपन बुक म्हणजे कागदावरचं. त्या भरवशावर राहू नका.

सगळं नेऊनही उत्तर सापडलं नाही तर?

वहीच्या अनुक्रमणिकेत एकदा, गाइडबुकच्या अनुक्रमणिकेत एकदा. त्यापुढे शोधायचं नाही. एक मिनिट झालं की तो प्रश्न सोडून पुढे. एका गुणाच्या प्रश्नापायी दहा मिनिटं पानं उलटणारे मी पाहिले आहेत. दहा मिनिटं म्हणजे मोठ्या गणिताचे आठ गुण. मोठ्या गणितात एखादा स्थिरांक सापडत नसेल तर ‘अमुक किंमत गृहीत धरली’ असं स्पष्ट लिहा आणि पुढच्या पायऱ्या पूर्ण करा.

अमेरिकेत पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा देणार आहे. तिथेही हेच लागू पडेल का?

पुणे-मुंबईहून तिकडे गेलेले सिव्हिलवाले हे हमखास विचारतात. पूर्वी तिथे स्वतःची बांधलेली पुस्तकं नेता येत होती आणि लोक खोकी भरून नेत. सिव्हिलची पीई २०२२ पासून संगणकावर झाली. आता स्वतःचं एकही पुस्तक चालत नाही. परीक्षा घेणारी एनसीईईएस ही संस्था स्वतःचं संदर्भ हँडबुक पडद्यावर देते, त्यात शब्द टाकून शोधता येतं. त्यामुळे निवडण्याचा प्रश्नच संपला, तयारी बदलली. त्या हँडबुकची पीडीएफ पहिल्या दिवसापासून वापरा, कागदावर छापू नका, आणि कोणता शब्द टाकला की नेमकं पान येतं याची यादी करत जा. वहीतल्या अनुक्रमणिकेचंच ते दुसरं रूप आहे. फरक एवढाच, की ती यादी आत नेता येत नाही, ती डोक्यात ठेवावी लागते.

शेवटच्या आठवड्यात काय करू?

नवीन काही विकत घेऊ नका. जुन्या दोन प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, दोन तासांत, नेणार आहात त्याच पुस्तकांनिशी सोडवा. घरातल्या मोठ्या टेबलावर नाही, मुलांच्या अभ्यासाच्या छोट्या टेबलावर. जे पुस्तक दोन्ही वेळा एकदाही उघडलं नाही, ते बॅगेतून काढा. जे पान शोधायला वेळ लागला, त्याची नोंद वहीत करा.

आणखी एक. चारही पेपर एकाच वेळी देणार असाल तर चौथा बहुधा दुसऱ्या दिवशी दुपारी असतो. म्हणजे तोवर नऊ तास लिहून झालेलं असतं, त्यातले तीन त्याच सकाळी. मधल्या सुट्टीत नवीन सूत्रं वाचत बसलेले लोक दिसतात. त्याऐवजी पोळीभाजी खा, पाणी प्या, आणि एककांचं पहिलं पान एकदा वाचून घ्या. बाकावर बसलात की वही उजव्या हाताशी, चौथं गाइडबुक डाव्या, स्टीम टेबल वहीखाली. बाकीची दोन खाली, पाठीचे कणे वर करून. प्रश्नपत्रिका हातात आली की आधी शेवटच्या प्रश्नाचे चारही पर्याय वाचा आणि तुमचं क्षेत्र आहे का ते पाहा.